परत फिरलेले विमान

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



 दरवर्षी या व्यासपीठावरून स्पर्धा परीक्षा, कर्ज योजना, आरोग्य अशा विषयांवर मार्गदर्शन होते. आम्ही मात्र विषय निवडला आहे विमानाचा. आम्ही बँकेत लिपिक, शिक्षण बी. ए. पर्यंत, तेव्हा विमानाशी यांचा काय संबंध, असे आपणांस वाटेल. म्हणून हा विषय का घेतला ते आधी सांगतो.

गेल्या वर्षी आपल्या अभ्यासिकेतील एक विद्यार्थिनी मुलाखतीसाठी दिल्लीला निघाली होती. रेल्वेचे आरक्षण मिळाले नाही म्हणून मामाने विमानाचे तिकीट काढून दिले. विमानात बसणारी तिच्या घरातली ती पहिलीच. निघण्याच्या आदल्या दिवशी ती आमच्या घरी आली आणि म्हणाली, "काका, विमानात वरून मास्क खाली पडतात म्हणे. ते कधी पडतात? आणि आधी स्वतःला लावा, मग लेकराला, असं का सांगतात? मैत्रिणींना विचारलं तर हसतील." आम्ही "अगं, काही होत नसतं, बिनधास्त जा," असे म्हणून वेळ मारून नेली. खरी गोष्ट अशी, की उत्तर आम्हांलाच ठाऊक नव्हते.

वास्तविक आम्ही त्यापूर्वी विमानाने जाऊन आलो होतो. एलएफसीच्या रकमेत थोडी पदरची भर घालून चिकलठाण्याहून सहकुटुंब दिल्लीला गेलो होतो. विमान सुटण्यापूर्वी हवाई सुंदरी हातवारे करून सूचना देत होती, तेव्हा आम्ही मुद्दाम खिडकीबाहेर पाहत बसलो. शेजारचे गृहस्थ पेपर वाचत होते. आपण कान देऊन ऐकले तर हा पहिल्यांदाच बसलेला दिसतो, असे त्यांना वाटेल, एवढीच त्यामागची लाज. सौ. मात्र सगळे नीट पाहत होती. "आधी स्वतःला मास्क लावायचा" हे वाक्य ऐकून ती हळूच म्हणाली, "हे काही मला जमायचं नाही. आधी पोरालाच लावीन मी." आम्ही हसलो आणि तो विषय तिथेच संपला.

त्या मुलीने विचारल्यावर मात्र आम्हांला स्वतःचीच शरम वाटली. मग मिळेल ते वाचले, समजून घेतले. ते आज साध्या भाषेत आपणांपुढे ठेवतो.

मित्रहो, हवेलाही वजन असते. समुद्रसपाटीला प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो इतका हवेचा दाब असतो. जसजसे वर जावे तसतसा तो कमी होतो. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फुटांवर आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५,४०० फुटांवर. १८,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो आणि मोठी विमाने जेथून जातात त्या ३५,००० फुटांवर तो एक चतुर्थांशाहूनही थोडा कमी भरतो. एव्हरेस्ट शिखर सुमारे २९,००० फुटांवर आहे, म्हणजे विमान त्याच्याही वरून जाते. बाहेर तापमान शून्याखाली पन्नास अंशांहून अधिक असते.

पुष्कळांचा असा समज असतो, की वर ऑक्सिजन नसतोच. ते बरोबर नाही. हवेत ऑक्सिजनचे प्रमाण तेथेही सुमारे २१ टक्केच असते. पण हवा इतकी विरळ असते, की तिला रेटाच उरत नाही आणि फुप्फुसांतून रक्तात पुरेसा ऑक्सिजन शिरत नाही. यावर उपाय म्हणून विमानाच्या आत दाब देऊन हवा भरली जाते. यालाच केबिन प्रेशर म्हणतात.

ही हवा येते कोठून? बहुतेक जेट विमानांत इंजिन बाहेरची हवा ओढून घेऊन ती दाबते. इंधन जळण्यापूर्वीच या दाबलेल्या हवेतील काही भाग बाजूला काढून घेतात. तिला ब्लीड एअर म्हणतात. ती अतिशय तापलेली असते, म्हणून थंड करून मग प्रवाशांच्या भागात सोडतात. मागच्या बाजूला एक झडप असते, तिच्यातून जुनी हवा बाहेर जात राहते. सायकलच्या ट्यूबला बारीक भोक आहे आणि आपण पंपाने सतत हवा भरतो आहोत, असे समजा. भरणे आणि सुटणे यांचा मेळ बसला की ट्यूब फुगलेली राहते. पंप थांबला की ती बसते. विमानाचेही तसेच आहे.

तरीसुद्धा आतला दाब जमिनीइतका ठेवत नाहीत, कारण तसे केले तर विमानाच्या पत्र्यावर फार ताण येईल. आतली हवा जास्तीत जास्त ८,००० फूट उंचीवर असते तितकी विरळ होऊ देतात. म्हणजे विमानात बसलेला माणूस कळसूबाईच्याही वरच्या हवेत बसलेला असतो. वेफर्सचे पाकीट विमानात टम्म फुगते ते यामुळेच. कानाला दडा बसतो त्याचेही कारण हेच. कानाच्या पडद्याआड थोडी हवा कोंडलेली असते. बाहेरचा दाब बदलला की घशाकडे जाणाऱ्या बारीक नळीतून ती हवा आत-बाहेर होऊन दाब सारखा होतो. आवंढा गिळल्याने ती नळी उघडते. सर्दी असली की ती बंद राहते आणि कान दुखतो.

आता मूळ घटनेकडे येतो. २० सप्टेंबर २०१८ रोजी सकाळी जेट एअरवेजचे एक विमान मुंबईहून जयपूरला निघाले. बोइंग ७३७ जातीचे हे विमान होते. आत १६६ प्रवासी आणि ५ कर्मचारी. ही कंपनी पुढे एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली. तिची विमाने आपल्या चिकलठाण्यालाही येत असत, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल.

विमान वर चढू लागले तसे प्रवाशांचे कान दुखू लागले, डोकी ठणकू लागली. डोक्यावरच्या कप्प्यांतून पिवळे मास्क खाली लोंबू लागले. काहींच्या नाकातून, काहींच्या कानातून रक्त आले. सुमारे ३० जणांना असा त्रास झाला. विमान जयपूरला न नेता वाटेतूनच मागे वळविले गेले आणि ते मुंबईत सुखरूप उतरले. सर्वांचे प्राण वाचले. विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याच दिवशी सांगितले, की केबिनमधील दाब राखण्याचा स्विच चालू करायचे कर्मचाऱ्यांकडून राहून गेले होते. वैमानिकांना कामावरून बाजूला ठेवण्यात आले आणि चौकशी सुरू झाली.

एक स्विच! इंजिने ठणठणीत, पत्र्याला कोठे तडा नाही, वैमानिक प्रशिक्षित. तरी एक स्विच राहिला आणि एवढा प्रसंग ओढवला. पण आम्हांला या घटनेतली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. चूक झाली, ती वेळेत लक्षात आली आणि विमान परत फिरले. चूक लक्षात न येता विमान पुढेच जात राहिले असते, तर काय झाले असते? याचे उत्तर दुर्दैवाने जगाला आधीच मिळालेले आहे.

१४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रस देशातील लार्नाका येथून हेलिओस एअरवेजचे एक विमान अथेन्समार्गे प्रागला निघाले. तेही बोइंग ७३७ जातीचेच. आत १२१ माणसे होती. उड्डाणापूर्वी तंत्रज्ञांनी दाबाची तपासणी केली होती आणि त्यासाठी दाबाचा स्विच हाताने चालविण्याच्या स्थितीत ठेवला होता. तो परत आपोआप चालण्याच्या स्थितीत आणायचा राहिला. वैमानिकांच्या तपासणी यादीतूनही ते निसटले. विमान वर जाऊ लागल्यावर धोक्याचा भोंगा वाजला. पण त्या विमानात हाच भोंगा जमिनीवर असताना दुसऱ्याच एका गोष्टीसाठी वाजत असे, उड्डाणाची तयारी अपुरी असल्याचे सांगण्यासाठी. वैमानिकांनी त्याचा तोच अर्थ घेतला. ते जमिनीवरच्या तंत्रज्ञांशी भलत्याच बिघाडाबद्दल बोलत राहिले आणि बोलता बोलता शुद्ध हरपून बसले. विमान यंत्राच्या आधारे अथेन्सपर्यंत गेले आणि आकाशात घिरट्या घालू लागले. ग्रीसच्या हवाई दलाची दोन लढाऊ विमाने जवळ गेली, तेव्हा त्यांच्या वैमानिकांना सहवैमानिक खुर्चीत निपचित पडलेला दिसला. शेवटी एक हवाई कर्मचारी वैमानिकाच्या जागेपर्यंत पोहोचला, पण फार उशीर झाला होता. इंधन संपले आणि विमान डोंगरावर कोसळले. एकही जण वाचला नाही.

पाहा, दोन्ही विमाने एकाच जातीची आणि चूकही जवळजवळ सारखी. एक परत फिरले, दुसरे फिरले नाही. भोंगा वाजला होता आणि तो ऐकलाही होता. त्याचा अर्थ मात्र चुकीचा घेतला गेला. पुढे या जातीच्या विमानांत दाबाच्या इशाऱ्यासाठी वेगळे दिवे बसविण्याचे आदेश निघाले.

आता आमच्या सौ.च्या आणि त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. आधी स्वतःला मास्क का? ३५,००० फुटांवर दाब एकाएकी गेला, तर माणसाचे डोके नीट चालते ते फक्त अर्धा ते एक मिनिट. त्यानंतर हात हलले तरी काय करायचे ते सुचत नाही. यातली सर्वांत घातक गोष्ट अशी, की माणसाला गुदमरल्यासारखे वाटतेच असे नाही. काहींना उलट हलके, बरे वाटते. आपल्याला काही होते आहे हेच त्याला कळत नाही. अशा वेळी आई लेकराच्या तोंडाला मास्क लावायला गेली, लेकरू घाबरून तोंड फिरवू लागले, पट्टा अडकला, तर त्या झटापटीतच तिची शुद्ध जाईल. मग दोघांनाही कोण पाहणार? आईने आधी स्वतःला मास्क लावला तर तिचे हात शाबूत राहतात आणि लेकराला क्षणभर उशीर झाला तरी ते वाचते. घरी जाऊन हे सांगितले तेव्हा सौ. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे असं कारण सांगून समजावलं असतं, तर मी तेव्हाच मान्य केलं असतं." आमच्या माता-भगिनींनी ही गोष्ट मनात पक्की धरावी, एवढीच विनंती.

मास्कबाबत आणखी दोन-तीन गोष्टी. मास्क नुसता समोर लोंबकळत असताना ऑक्सिजन सुरू होत नाही. तो स्वतःकडे ओढावा लागतो. बहुतेक विमानांत वरच्या कप्प्यात एक रासायनिक कुपी असते, ओढल्यावर ती सुरू होते. मास्कची पिशवी फुगली नाही तरी घाबरू नये, ऑक्सिजन येत असतो. तो सुमारे १२ ते १५ मिनिटे पुरतो. एवढाच का? कारण तेवढ्या वेळात वैमानिक विमान १०,००० फुटांच्या आसपास खाली आणतो आणि तेथे मास्कशिवाय श्वास घेता येतो. म्हणून विमान झपाट्याने खाली जाऊ लागले तर ते कोसळते आहे असे समजून आरडाओरड करू नये. वैमानिक आपल्याला श्वास घेण्याजोग्या हवेत नेत असतो.

आणि मास्क नाक व तोंड दोन्हींवर हवा. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेत साउथवेस्ट कंपनीच्या विमानाचे इंजिन हवेत फुटले, खिडकी तुटली, दाब गेला आणि एका प्रवासी महिलेचा मृत्यू झाला. त्या विमानातील जी छायाचित्रे जगभर प्रसिद्ध झाली त्यांत अनेक प्रवाशांनी मास्क फक्त तोंडाला लावलेले दिसतात, नाक उघडेच. ज्या देशात लोक आपल्याकडे एसटीने जावे तसे विमानाने जातात, तेथील ही स्थिती. तेव्हा न ऐकण्याची सवय फक्त आपल्यासारख्या नवख्यांची आहे असे मुळीच नाही. वर्षानुवर्षे प्रवास करणारेही ऐकत नाहीत.

आता थोडे आमच्या नोकरीतले सांगतो. बँकेत तिजोरीच्या चाव्या एकाच माणसाकडे नसतात. दोघांच्या चाव्या लागल्याशिवाय ती उघडत नाही. एकाने केलेली नोंद दुसरा तपासतो. नव्या मुलांना वाटते, आमच्यावर विश्वास नाही की काय? प्रश्न विश्वासाचा नाही. माणूस कितीही हुशार असला तरी थकतो, विसरतो, म्हणून ही व्यवस्था. वैमानिकांची तपासणी यादी म्हणजे हेच. पंचवीस वर्षे विमान चालविणाऱ्यानेही यादी वाचूनच प्रत्येक स्विच पाहायचा असतो.

एका संध्याकाळी आमच्या काउंटरची रोकड जुळेना. ९०० रुपये जास्त भरत होते. आम्ही पुन्हा पुन्हा नोटा मोजत होतो. नव्याने लागलेली एक मुलगी शेजारी होती. ती म्हणाली, "सर, फरकाला ९ ने भाग जातो आहे. कुठेतरी आकडे उलटे पडले असतील." आम्ही तिला फटकारले, "तू तुझं काम बघ." दीड तासाने सापडले काय? एका खातेदाराने ५,४०० रुपये भरले होते आणि आम्ही ४,५०० लिहिले होते. तिने सांगितले तेच. दुसऱ्या दिवशी आम्ही सर्वांसमोर तिची चूकभूल मागितली. आमचे नुकसान दीड तासाचे झाले. विमानात दीड तास नसतो, अर्धा मिनिट असतो. म्हणूनच आता वैमानिकांना प्रशिक्षणातच शिकवितात, की कनिष्ठाने शंका आली तर स्पष्ट बोलावे आणि वरिष्ठाने ती ऐकून घ्यावी. याला क्रू रिसोर्स मॅनेजमेंट असे नाव आहे.

आपल्या शहराला विमान अपघात म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. २६ एप्रिल १९९३ रोजी, आपले शहर औरंगाबाद या नावाने ओळखले जात होते तेव्हा, इंडियन एअरलाइन्सचे मुंबईला निघालेले विमान उडता उडता धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावरून जाणाऱ्या, कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकले. ११८ पैकी ५५ जणांचा मृत्यू झाला. आम्ही तेव्हा शाळेत होतो. त्या अपघाताचा हवेच्या दाबाशी संबंध नव्हता. पण त्या दिवसांत मोठी माणसे म्हणत, "ज्याचं त्याचं नशीब." आम्हांलाही तेव्हा ते पटले होते. आज पटत नाही. प्रत्येक अपघाताला कारण असते आणि कारण शोधले तर पुढचा अपघात टाळता येतो.

याचे एक जुने उदाहरण देतो. इंग्लंडने बनविलेले कॉमेट हे जगातील पहिले प्रवासी जेट विमान. १९५४ च्या जानेवारी आणि एप्रिल महिन्यांत अशी दोन विमाने इटलीजवळच्या समुद्रावर हवेतच फुटली. कारण कळेना. तेव्हा शास्त्रज्ञांनी एक अख्खे विमान पाण्याच्या टाकीत ठेवले आणि आतला दाब पुन्हा पुन्हा वाढवून-कमी करून पाहिला. असे अनेकदा केल्यावर पत्रा फाटला. प्रत्येक उड्डाणात केबिन थोडी फुगते आणि बसते. तार वारंवार वाकविल्यावर जशी तुटते तसा पत्रा खिडक्या व इतर छिद्रांच्या कोपऱ्यांपाशी थकून तडकत होता. त्यानंतरची विमाने या शोधाप्रमाणे सुधारली गेली. आज आपण निर्धास्त बसतो, त्यामागे असे कारण शोधणाऱ्यांचे कष्ट आहेत.

विद्यार्थी मित्रहो, आता समारोप करतो. त्या मुंबई-जयपूर विमानातील प्रवाशांना त्या दिवशी केवढा मनस्ताप झाला असेल! कोणाचे काम राहिले असेल, कोणाचे लग्नकार्य चुकले असेल. पण ते घरी गेले. परत फिरणे कमीपणाचे वाटते. निघालो आणि पोहोचलोच नाही, लोक काय म्हणतील? आपल्या समाजात कितीतरी मुले न झेपणाऱ्या अभ्यासक्रमात केवळ या एका प्रश्नापायी वर्षामागून वर्षे काढतात. कान दुखत असतो, भोंगा वाजत असतो, पण कोणाला सांगत नाहीत. त्यांना आमचे सांगणे आहे, की वेळेत बोला, वेळेत वळा. विमान दुरुस्त झाले की पुन्हा उडते. आणि पालकांना सांगणे आहे, की मूल वाटेतून परत आले तर आधी ते सुखरूप आले याचा आनंद माना, चौकशी मागाहून करा.

राहिली त्या मुलीची गोष्ट. दिल्लीहून परत आल्यावर ती पेढे न आणताच आली, कारण त्या मुलाखतीत तिची निवड झाली नाही. पण ती म्हणाली, "काका, तुम्ही सांगितलं नाहीत, म्हणून मी तिथल्या ताईंनाच विचारलं. त्या हसल्या नाहीत. पुढच्या सीटच्या खिशातलं कार्ड काढून त्यांनी मला सगळं समजावलं. मग शेजारच्या आजीही म्हणाल्या, बरं झालं विचारलंस, मलाही माहीत नव्हतं." आमच्या शेजारचे ते पेपर वाचणारे गृहस्थ, त्यांनाही कदाचित माहीत नसेल. आम्ही दोघेही एकमेकांना लाजून गप्प बसलो असू.

आता त्या मुलीने पुन्हा अर्ज भरला आहे. पुढच्या वेळी ती विमानात बसेल तेव्हा शेजारच्या नवख्या माणसाला तीच समजावून सांगेल, याची आम्हांला खात्री आहे. आपणही तसेच करावे, एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.